‘फोरव्हर्ट्स’चा इतिहास जुन्या अंकांतून कसा काढायचा

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये २२ एप्रिल १८९७ रोजी निघालेलं ‘फोरव्हर्ट्स’ हे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा) दैनिक वर्तमानपत्रापुरतं थांबलं नाही. दहा मजली इमारत, रेडिओ केंद्र, पुढे इंग्रजी साप्ताहिक आणि आता फक्त वेबसाइट असा त्याचा पसारा. त्याचे जुने अंक इस्राएलचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि तेल अवीव विद्यापीठ यांच्या ऐतिहासिक ज्यू वृत्तपत्रांच्या संग्रहात ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. यिडिश तोडकीमोडकी येत असली तरी काम होतं. हिब्रू लिपीची २२ अक्षरं आणि त्यांतल्या पाचांची शब्दाच्या शेवटी बदलणारी रूपं एवढी तयारी मात्र आधी हवी.

बहुतेक जण अग्रलेखांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. अग्रलेखांतून संपादकांना काय वाटायचं ते कळतं, पण वाचक पेपर का विकत घ्यायचे हे नाही. ते कळतं वाचकांच्या पत्रांतून, धारावाहिक कादंबऱ्यांतून आणि नाटकांच्या जाहिरातींतून. म्हणून मागच्या पानांपासून सुरुवात करा.

आधी काही खुंट्या ठोकून घ्या. अब्राहम काहान १९०३ पासून जवळजवळ अर्धशतक संपादक होते. ‘बिंतल ब्रीव्ह’, म्हणजे चिठ्ठ्यांचा जुडगा, हे पत्रांचं सदर २० जानेवारी १९०६ ला सुरू झालं. ईस्ट ब्रॉडवेवरची १७५ क्रमांकाची इमारत १९१२ ची. तिच्या दर्शनी भागावर मार्क्स आणि एंगल्सचे मुखवटे कोरलेले आहेत. रेडिओ १९३२ मध्ये हाती आला. १९८३ मध्ये दैनिकाचं साप्ताहिक झालं, १९९० मध्ये इंग्रजी साप्ताहिक आलं, २०१९ मध्ये छपाई बंद झाली. एवढ्या तारखा कागदावर समोर असल्या की अंक कुठून उघडायचे याचा गोंधळ होत नाही.

तारीख वाचताना हिब्रू साल लागतं. अक्षरांना किंमत असते आणि पाच हजार गृहीत धरून सोडून देतात. ताव ४००, रेश २००, सामेख ६०, वाव ६: बेरीज ६६६, म्हणजे ५६६६. त्यातून ३७६० वजा केले की १९०६. पण हिब्रू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं, म्हणून त्या दिवसापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या अंकासाठी ३७६१ वजा करायचे. हा एक विसरला की अख्खं वर्ष पुढे जातं. (कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या दफनभूमींतल्या हिब्रू-मराठी दगडांवरची सालंही अशीच वाचायची.) आणि पत्रांचं सदर सुरू झालं तो २० जानेवारी १९०६ हा शनिवार होता, म्हणजे शब्बाथ, ज्यू धर्मात काम बंद ठेवायचा दिवस. शब्बाथच्या दिवशी अंक काढणारा ज्यू पेपर म्हणजे धर्माशी त्याचं नातं काय असेल, हे तारखेवरूनच कळतं.

आता शोध. इथे सर्वात जास्त वेळ वाया जातो. संग्रहातला मजकूर ओसीआरने, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या संगणकाने, ओळखलेला आहे आणि जुन्या झिजलेल्या टाइपात ‘दालेत’ व ‘रेश’, ‘हे’ व ‘खेत’, ‘सामेख’ व शब्दाच्या शेवटचं ‘मेम’ या अक्षरांच्या जोड्या सतत अदलाबदल होतात. म्हणून एक शब्द तीन-चार रूपांत शोधा, आणि लांब शब्दाऐवजी त्याचा मधला तुकडा घ्या. दुसरा सापळा कीबोर्डचा: यिडिश कीबोर्डवर दोन वावांचं एकच जोडअक्षर उमटतं, हिब्रू कीबोर्डवर दोन सुटे वाव. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र नाही. ‘फोरव्हर्ट्स’ या नावातच दोन वाव आहेत, तेव्हा पहिला प्रयोग त्याच नावावर करून बघा.

तिसरा सापळा शुद्धलेखनाचा. जुन्या ‘फोरव्हर्ट्स’मध्ये जर्मन वळणाचं लेखन आहे, न उच्चारायची अक्षरं घातलेलं. ‘गेन’, म्हणजे जाणे, आज गिमेल-युद-युद-नून असं लिहितात. जुन्या अंकात ते गिमेल-आयिन-हे-नून असं दिसतं. १९६२ च्या आधीच्या मराठी पुस्तकांत ‘कांहीं’, ‘घरें’ यांवरचे अनुस्वार आठवा, तसाच प्रकार. आजच्या शब्दकोशातलं रूप टाकून शून्य निकाल आला तर विषयच नव्हता असं लिहून मोकळे होऊ नका. उलट हिब्रूतून आलेले शब्द मूळ लेखनातच राहतात: शब्बाथला ‘शाबेस’ उच्चारतात, पण लिहितात शिन-बेत-ताव. तो उच्चाराप्रमाणे शोधलात तर हाती काही लागणार नाही.

शोधपेटीवर एवढं अवलंबून राहता येत नाही, म्हणून नमुना काढा. १८९७ पासून दर पाचव्या वर्षी सात अंक घ्या: एक सोमवार, एक मंगळवार असं करत रविवारपर्यंत, प्रत्येक वेगळ्या महिन्यातला. १९४७ पर्यंत ११ वर्षं, ७७ अंक होतात. सलग एक आठवडा घेऊ नका. एखादा संप किंवा निवडणूक त्यात आली तर सगळा नमुना वाकडा होतो. पेसाख हा ज्यू सण आणि हिब्रू नववर्ष यांच्या आधीचे दिवस वेगळे ठेवा, सणाच्या जाहिरातींनी तेव्हा अंक फुगतो. तक्त्यात तारीख, पान, स्तंभ, मजकुराचा प्रकार, त्याने व्यापलेले स्तंभ, जाहिरातदार आणि किंमत एवढेच रकाने पुरेत. लिपी उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून स्तंभ उजवीकडून मोजा. पहिल्या दिवशी डावीकडून मोजणारे बरेच निघतात आणि मग सगळे उल्लेख पुन्हा करावे लागतात.

एक सदर मात्र सलग वाचण्यासारखं आहे: बायकामुलांना टाकून पळालेल्या नवऱ्यांचे फोटो. अशा नवऱ्यांना शोधणारा नॅशनल डेझर्शन ब्यूरो १९११ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या मदतीने पेपर हे फोटो छापत असे. चेहरा, त्याखाली नाव आणि शोधाला लागणारा तपशील, बाजूला तसाच दुसरा. याची नोंद ‘बातमी’ या रकान्यात टाकू नका, वेगळा प्रकार करा. मनोरंजन, समाजकार्य आणि खप हे तिन्ही एकाच चौकटीत बसलेले इथे दिसतात.

लेखकांची नावं मोजताना टोपणनावं सांभाळा. आयझॅक बाशेविस सिंगर १९३५ मध्ये अमेरिकेत आले आणि याच पेपरात लिहू लागले. कथा बाशेविस या नावाने, पत्रकारिता वार्शाव्स्की आणि डी. सेगाल या नावांनी. तिन्ही वेगळी धरलीत तर एका माणसाचे तीन होतात. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

खपाचे आकडे कुणाच्याही पुस्तकातून उचलू नका. १९२० च्या दशकात दोन लाखांच्या वर, एवढं सर्वत्र वाचायला मिळतं, पण शिकागोसारख्या इतर शहरांच्या आवृत्त्या त्यात धरल्या आहेत की नाही हे सांगितलेलं नसतं. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने दैनिकांना वर्षातून दोनदा, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, मालकी आणि सहा महिन्यांच्या सरासरी खपाचं निवेदन देऊन ते छापावं लागे. त्या तारखांनंतरचे अंक उघडा, बारीक अक्षरातली चौकट शोधा, आकडा तिथून घ्या. ६ ऑक्टोबर १९१७ पासून परदेशी भाषेतल्या पत्रांना सरकारविषयीच्या आणि युद्धाच्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर पोस्टमास्तरकडे द्यावं लागे. त्या काळातलं मौन म्हणजे संपादकाचं मत असं समजू नका.

रेडिओसाठी वेगळी फाइल ठेवा. डब्ल्यूईव्हीडी हे केंद्र समाजवादी पक्षाने १९२७ मध्ये काढलं. शेवटची तीन अक्षरं पक्षाचे नेते यूजीन व्ही. डेब्स यांची. पाच वर्षांनी ते ‘फोरव्हर्ट्स’कडे आलं. प्रक्षेपण हवेत विरून गेलं, ध्वनिमुद्रित तबकड्या थोड्याच उरल्या, त्यामुळे पेपरात छापलेलं कार्यक्रमपत्रकच मुख्य आधार. रविवारच्या ‘फॉरवर्ड अवर’चा प्रायोजक कोण, आणि त्याच कंपनीची जाहिरात त्या आठवड्याच्या अंकात कुठे आहे, हे जोडून पाहा.

उतरत्या काळाचं कारण शोधताना १९२४ चा स्थलांतर कायदा आधी मांडा. पूर्व युरोपातून नवे यिडिश वाचक येणं त्याने जवळपास थांबवलं आणि आधी आलेल्यांची मुलं इंग्रजीत शिकली. तक्त्यात याची खूण आपोआप दिसते: १९२० च्या दशकातल्या फोटोंच्या पुरवणीत फोटोंखालच्या ओळी यिडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत येऊ लागतात.

संदर्भ देताना नाव, तारीख, पान आणि स्तंभ द्या. नाव एकच वापरा, कारण सूचींमध्ये हाच पेपर ‘फोरव्हर्ट्स’, ‘फॉरवर्ड’ आणि ‘ज्युइश डेली फॉरवर्ड’ अशा तिन्ही नावांखाली सापडतो. पानाचा फोटो छापणार असाल तर अंकाचं साल बघा: अमेरिकेत छापलेल्या जुन्या मजकुराला प्रकाशनापासून ९५ वर्षांपर्यंत संरक्षण असू शकतं, त्याहून अलीकडच्या पानासाठी परवानगी लागू शकेल.