कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या छोट्या गावात राहायला येताना

नोकरीचं पत्र हातात पडलं की आधी त्या गावाची लोकसंख्या बघा. इथल्या पुष्कळ 'व्हिलेज'मध्ये दोनशेही माणसं नसतात. १९३६ मध्ये या प्रांतात १,४२,३९१ शेतकरी-खाती होती, २०२१ च्या कृषी गणनेत ३४,१२८ उरली. जमीन तेवढीच, पण कसणारी कुटुंबं कमी. रेल्वेलगतचे धान्याचे लाकडी 'एलिव्हेटर', म्हणजे उंच कोठारं, बंद पडली, रेल्वेचे फाटे उखडले गेले आणि त्यामागोमाग दुकानं आणि शाळाही गेल्या.

म्हणून एकाच आकड्यावर जाऊ नका. २०११, २०१६ आणि २०२१ च्या जनगणनेतले लोकसंख्येचे आकडे शेजारी ठेवून गाव टिकलंय की ओसरतंय ते पाहा. मग गावाच्या ऑफिसात फोन करून विचारा: शाळा कितवीपर्यंत, स्कूल बस दारात येते का, पोस्ट आणि किराणा गावात आहे का, इमर्जन्सी असलेलं जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर. डॉक्टर-नर्स नसल्यामुळे ग्रामीण इमर्जन्सी अधूनमधून बंद असते, तेव्हा त्यापुढचं हॉस्पिटलही माहीत असू द्या. शाळेत दोन मुलं वाढली तरी इथे फरक पडतो. दर पाच वर्षांनी मे महिन्यात होणाऱ्या जनगणनेत वर्क परमिटवाल्यांचीही नोंद होते आणि प्रांताकडून गावाला मिळणारा निधी डोकी मोजून ठरतो. तेव्हा फॉर्ममध्ये घरातल्या सगळ्यांची नावं घाला.

घरं स्वस्त मिळतात, पण किंमत बघून हुरळू नका. विक्रेत्याकडून वर्षभराची गॅस आणि विजेची बिलं मागा. तळघराच्या भिंती वाकल्यात का, वायरिंग किती जुनं, सांडपाणी गावाच्या लाइनला जातं की स्वतःच्या टाकीत, हे तपासनीसाकडून पाहून घ्या. विम्याचा दर आधी विचारा, कारण अग्निशमन केंद्र लांब असेल तर तो वाढतो. काही गावांत पाणी उकळून पिण्याची सूचना बराच काळ लागू असते. तेव्हा पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं.

हिवाळ्यात उणे ३० सहज होतं. गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, हवाच. तापमान उणे १५ च्या खाली गेलं की निघण्याआधी चारेक तास तो प्लगला लावा, टायमर बसवला की वीज वाचते. घर तापवणाऱ्या नव्या फर्नेसचे हवेचे पाइप भिंतीतून बाहेर निघतात. त्यांच्यावर बर्फ साचला की फर्नेस बंद पडते आणि मग नळाचे पाइप गोठतात. वादळानंतर ते पाइप मोकळे करणं हे पहिलं काम. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

प्रांताची सरकारी बससेवा २०१७ मध्ये बंद झाली, त्यामुळे गाडीवाचून चालत नाही. भारतीय लायसन्सवर पहिले ९० दिवसच निघतात, चाचणीची वेळ लगेच घ्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. डिकीत ब्लँकेट, फावडं, बूस्टर केबल, डब्यातली मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवा. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. दिसेनासं झालं की माणूस रस्ता चुकतो. सायलेन्सरचं तोंड मोकळं करून तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा आणि खिडकी किंचित उघडी ठेवा. निघण्याआधी रस्त्यांची स्थिती सांगणारी 'हायवे हॉटलाइन' बघायची सवय लावून घ्या.

गावाबाहेर शेतावर राहणार असाल तर 'लँड लोकेशन', म्हणजे जमिनीच्या आखणीवरचा पत्ता, पाठ करा. जमीन एक मैल चौरसाच्या, म्हणजे ६४० एकरांच्या सेक्शनमध्ये आखलेली आहे आणि प्रत्येक सेक्शनचे १६० एकरांचे चार क्वार्टर आहेत. 'एनडब्ल्यू १४-२२-१८-वेस्ट २' म्हणजे २२ व्या टाउनशिपमधल्या, दुसऱ्या मेरिडियनच्या (आखणीच्या उत्तर-दक्षिण रेषेच्या) पश्चिमेकडल्या १८ व्या रेंजमधल्या १४ व्या सेक्शनचा वायव्य क्वार्टर. ९११ ला फोन केलात की हाच पत्ता उपयोगी पडतो. तो फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा, मुलांनाही वाचता आला पाहिजे.

मसूर गावाभोवतीच्या शेतांत पिकतो, पण तूरडाळ आणि गोडा मसाला रेजायना किंवा सास्काटून या मोठ्या शहरांतून आणावा लागतो. महिन्याचा साठा एकदम भरा. कढीपत्ता फ्रीझरमध्ये टिकतो.

शरद ऋतूत गावाच्या हॉलमध्ये 'फाउल सपर', म्हणजे टर्की-कोंबडीचं सामुदायिक जेवण, असतं. तिकीट काढून जेवायला जा आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबा. तिथे अग्निशमन दलातले स्वयंसेवक भेटतील. त्यांना माणसं नेहमीच कमी पडतात, प्रशिक्षण तेच देतात.