तक्रार करा, पण लिफाफ्यावर नाव नको
केंद्र सरकारच्या खात्यातला किंवा सरकारी बँकेतला भ्रष्टाचार कळवायचाय? ईमेल नको. केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद लिफाफा पाठवा, वर ‘पीआयडीपीआय’ लिहा; भ्रष्टाचाराची माहिती देणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या व्यवस्थेचं हे इंग्रजी लघुनाव. स्वतःचं नाव-पत्ता फक्त आतल्या पत्रात. निनावी तक्रार इथे घेतच नाहीत. मजकुरात ‘माझ्या टेबलावरची फाईल’ असलं काही लिहू नका, माणूस लगेच ओळखू येतो.

ही काळजी उगाच नाही. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार कळवताना अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं, तरी पत्र खात्यांमधून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. २००४ मध्ये ही व्यवस्था आली.

तक्रारीमुळे छळ सुरू झाला तर संरक्षणासाठी आयोगाकडेच अर्ज करा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी मात्र इथे चालत नाहीत.