हाताने घडवलेली सुरी : मूठ आणि म्यानाच्या या चुका टाळा

हाताने घडवलेल्या सुरीचे पाते सहसा दगा देत नाही. लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून ठोकून काढलेले आणि नीट पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेले, पाते वर्षानुवर्षे टिकते. बिघाड होतो तो पोलाद जिथे लाकडाला, शिंगाला किंवा चामड्याला लागते तिथे. लाकूड, शिंग आणि चामडे हवेतील ओलावा घेतात व सोडतात, म्हणून फुगतात आणि आकसतात. पोलाद मात्र आहे तेवढेच राहते.

मुठीच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ओले लाकूड बसवणे. बाभूळ, शिसव, खैर, चिंच यांपैकी कोणतेही घट्ट लाकूड मुठीला चांगले. परंतु पावसाळ्यात तोडलेल्या फांदीचा तुकडा त्याच महिन्यात बसवला, तर उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तो आकसणारच. माझ्या पहिल्या सुरीच्या बाभळीच्या मुठीला एप्रिलमध्ये पितळी रिव्हेटपासून टोकापर्यंत केसाएवढी चीर गेली होती आणि दोन्ही बाजूंचे लाकूड आत सरकल्यामुळे मधल्या पोलादाची कड बोटाला लागत होती. अशी मूठ घासून पुन्हा सपाट करता येते, पण चीर भरून निघत नाही. म्हणून तुकडा कापल्याबरोबर त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावावे, कारण ओलावा टोकांतून सर्वांत वेगाने निघतो आणि फाटण्याची सुरुवात तिथूनच होते. मग तो सावलीत ठेवून दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर तोलावा. वजन सलग तीन-चार आठवडे बदलले नाही, की लाकूड कामाला आले असे समजावे.

पात्याचा मुठीत जाणारा भाग लाल तापवून लाकडात ठोकण्याची पद्धत शेतीच्या कोयत्याला ठीक आहे, कारण त्याची मूठ सैल झाली की शेतकरी ती बदलतोच. जपून ठेवायच्या सुरीला ती वापरू नये. भोकाच्या आतला जळालेला कोळसा हळूहळू चुरा होऊन गळतो आणि मूठ खुळखुळू लागते. भोक ड्रिलने पाडून इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरावे, आणि चिकटवताना पकड इतकी आवळू नये की सगळा इपॉक्सी बाहेर येईल. चिकटवायच्या दोन पृष्ठभागांत त्याचा पातळ थर उरलाच पाहिजे. नंतर मशीनवर मूठ घासताना रिव्हेट तापतात व त्यांच्याभोवतीचा इपॉक्सी मऊ पडतो, म्हणून हात लावून पाहत आणि थांबत थांबत घासावे. पात्याची धार मशीनवर निळी पडली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला, असे धरून चालावे.

शिंग हवे असल्यास म्हशीचे घ्यावे. सांबराच्या शिंगाची मूठ कितीही देखणी असली, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते शिंग विकत घेणे तर दूरच, रानात गळून पडलेले उचलून आणणेही गुन्हा ठरतो, आणि ‘जुने आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर कोणीही विसंबू नये. म्हशीच्या शिंगाला कीड लागते. साठवणीत वर्षातून दोन-तीन वेळा ते उजेडात धरून बारीक भोके पाहावीत.

म्यानाविषयी मी आग्रहाने सांगतो, कारण संग्रहातील बहुतेक चांगल्या सुऱ्या इथेच वाया जातात. म्यान शोभून दिसते म्हणून सुरी कायम त्यातच ठेवली जाते, चामडे पावसाळ्यात ओलावा धरते आणि दिवाळीला बाहेर काढलेल्या पात्यावर तांबूस ठिपके खोल रुतलेले असतात. क्रोमने कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात आणि ते पोलादाला अधिकच खातात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसे चामडे घ्यावे, आणि तरीही सुरी म्यानाबाहेर, हलका तेलाचा हात देऊन, कोरड्या कापडात ठेवावी. पितळी रिव्हेटभोवती हिरवट, मेणासारखी चिकट साय दिसली, तर ती चामड्यातल्या चरबीची पितळेतल्या तांब्याशी झालेली प्रक्रिया असते. लाकडी काडीने ती खरवडून काढावी, पाणी लावू नये.

मुठीला खोबरेल लावणाऱ्यांची सवय मोडणे कठीण आहे, पण ते तेल कधीच सुकत नाही. धूळ धरते आणि कालांतराने खवट होते. जवसाचे तेल पातळ थरात लावावे, जादा तेल पुसून घ्यावे आणि थर पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा मात्र कधीही टाकून देऊ नये, कारण तो आतून तापून आपोआप पेटू शकतो. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

जुन्या पात्यावर चढलेली करडी-काळी झाक ही घाण नव्हे. ती बफने, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकाने, उतरवली, तर पोलादावरची नागमोडी नक्षी, असलीच, तर दिसेनाशी होते आणि पाते अधिक गंजते. गंजाच्या जागी शिवणयंत्राचे तेल सोडून रात्रभर थांबावे व सकाळी बांबूच्या काडीने हलके खरवडावे.