युद्धनौका आणि छोटी बोट धडकली तर चूक कोणाची, हे कसं पाहायचं

अशी बातमी आली की आपल्या नागपुरात टपरीवर पाच मिनिटात निकाल लागतो. अर्धे म्हणतात मोठ्याची चूक, कारण वर्धा रोडवर ट्रक अन् स्कूटी भिडली की पब्लिक आधी ट्रकवाल्यालाच धरते, उरलेले म्हणतात नेव्ही आहे भाऊ, त्यांच्या मधात जायचंच काहून. समुद्रात ना साइजवरून ठरत ना वर्दीवरून. टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, जहाजावरचे लोक त्यांना कोलरेग म्हणतात, आणि ते युद्धनौकेला पण लागू आहेत. दिवे कुठे लावायचे वगैरे यात लढाऊ जहाजांना थोडी सूट मिळते, पण वाट आधी आपली असा हक्क त्यात कुठेच नाही.

मंग पाहायचं काय? सगळ्यात आधी दोघं एकमेकांच्या कोणत्या बाजूला होते ते शोधा. इंजिनवर चालणारी दोन जहाजं आडवी येत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं दिसतं त्यानं बाजूला व्हायचं. मागून ओव्हरटेक करणाऱ्यानं नेहमीच बाजूला व्हायचं, अन् समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचं. बातमीत हे बहुतेक वेळा नसतंच, 'भीषण धडक' तेवढं असतं, म्हणून एक-दोन दिवस थांबा आणि मॅप येऊ द्या.

त्यानंतर कोण काय करत होतं ते. इथे लोक जास्त फसतात. मासेमारी करणाऱ्या बोटीसाठी मोठ्या जहाजानं बाजूला व्हायचं हे खरं, पण कधी? जाळं पाण्यात आहे आणि त्याच्यामुळे बोट पटकन वळू शकत नाही तेव्हा. जाळं गुंडाळून बंदराकडे निघालेली किंवा मासे पकडायला चाललेली बोट ही साधी मोटरबोटच. उलट युद्धनौका विमान-हेलिकॉप्टर उतरवत असेल, सुरुंग काढत असेल किंवा चालता चालता दुसऱ्या जहाजाकडून तेल घेत असेल तर ती 'वळायला मर्यादा असलेली' धरतात आणि बाकीच्यांनी तिला जागा द्यायची. पण तिनं तसं दाखवायला पाहिजे, दिवसा वरून खाली गोळा-चौकट-गोळा, रात्री लाल-पांढरा-लाल दिवे (सुरुंग काढणारीचं वेगळं, तीन गोळे आणि रात्री तीन हिरवे दिवे). नुसती गस्त घालणाऱ्या जहाजाला हे लागू नाही. आणि अरुंद चॅनल असेल तर २० मीटरपेक्षा लहान बोटीनं त्या चॅनलशिवाय जाऊच न शकणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, म्हणजे तिथे 'मोठ्यानं सांभाळून घ्यावं' चालत नाही.

आता एवढं पाहून एकाच्या गळ्यात सगळी चूक टाकू नका, कारण ज्याला सरळ जायचा हक्क आहे त्यालाही डोळे मिटून जाता येत नाही. समोरचा हटत नाही असं दिसलं की तो स्वतः वळू शकतो, आणि एकट्या समोरच्याच्या हाताबाहेर गेलं की त्यालाही काहीतरी करावंच लागतं. दोघांनीही पूर्ण वेळ नजर ठेवायची आहे. कंपासवर समोरचा त्याच दिशेला दिसत राहिला आणि जवळ येत गेला तर टक्कर होणार, हे जहाजावर नवीन आलेल्या पोट्ट्याला पण शिकवतात. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, एक किलोमीटरचं अंतर दीड मिनिटात संपते, आणि हजारो टनाचं जहाज ब्रेक मारून थांबत नाही. म्हणून मी तर सगळ्यात आधी हेच विचारतो की पाहिलं कोणी, कधी पाहिलं, आणि पाहिल्यावर केलं काय.

जपानचं 'अतागो' प्रकरण जरूर वाचा. १९ फेब्रुवारी २००८, पहाटेची वेळ, ७,७५० टनाची विनाशिका आणि ७ टनाची मासेमारी बोट 'सेइतोकु मारू', बोटीवरचे बाप-लेक दोघंही गेले. बोट अतागोच्या उजव्या बाजूला होती, जहाज ऑटोपायलटवर होतं. सागरी न्यायाधिकरणानं मुख्य दोष अतागोचा धरला. पण फौजदारी कोर्टानं बोटीचा मार्ग पुन्हा मांडला, धोका बोटीच्या वळण्यामुळे झाला असं म्हटलं आणि २०११ मध्ये अतागोचे दोन्ही आरोपी अधिकारी सुटले, २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं पण तेच कायम ठेवलं. म्हणजे धडक एक अन् उत्तरं दोन. याच्यात घोटाळा नाही बाप्पा, पुढे असं होऊ नये म्हणून काय चुकलं हे शोधणं वेगळं आणि माणसाला जेलमध्ये टाकायला पुरावा लागणं वेगळं, म्हणून 'निर्दोष सुटला' वाचलं की हेही पाहा की कोणत्या जागी सुटला.

पाणबुडीचं मात्र वेगळं आहे. खालून येणारी पाणबुडी वरच्या बोटीला दिसणारच कशी, त्यामुळे वर यायच्या आधी नीट तपासायचं ओझं तिच्यावर जास्त येते असं माझं मत. ९ फेब्रुवारी २००१ ला हवाईजवळ अमेरिकेची 'ग्रीनव्हिल' पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायला झपकन वर आली आणि 'एहिमे मारू' या मासेमारी शिकवणाऱ्या जपानी जहाजाला बुडवलं, नऊ जण गेले, त्यात शाळकरी पोरं होती. कॅप्टनला कोर्ट मार्शल झालं नाही, ठपका ठेवून निवृत्त केलं, आणि अमेरिकन नेव्हीनं भरपाई दिली. पैसा सरकार देते, शिक्षा माणसाला होते, हे दोन हिशेब नेहमी वेगळे मांडा.

आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत तर उलटंच होतं, नेव्हीची स्पीडबोट छोटी होती आणि एलिफंटाला चाललेली 'नीलकमल' फेरी मोठी. इंजिनची ट्रायल सुरू असलेली स्पीडबोट फेरीवर आदळली आणि १५ जीव गेले. तिथे दोन प्रश्न सुटे करावे लागतात. धडक कशामुळे झाली हा एक, आणि माणसं एवढी का मेली हा दुसरा. फेरीत परवानगीपेक्षा जास्त माणसं होती, ही गोष्ट पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं असू शकते. हे मिसळलं की चर्चा गेली कामातून.

घरच्या कोणासोबत असं झालं तर काय? एफआयआर होऊ शकते, भारतीय न्याय संहितेत हलगर्जीपणानं मृत्यूसाठी कलम १०६ आणि बोट बेदरकार चालवण्यासाठी कलम २८२ आहे. व्यापारी जहाज हायकोर्टाकडून अटकवून ठेवता येते, पण २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी (सागरी दाव्यांचा) कायदा युद्धनौकांना लागूच नाही, त्यामुळे तो रस्ता बंद, नागपूर बेंच काय अन् मुंबई काय. दिवाणी दावा भारत सरकारवर, म्हणजे 'युनियन ऑफ इंडिया'वर करायचा, आणि त्याच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची. दरम्यान पुरावा सांभाळा. फेरीवरच्या एका प्रवाशानं काढलेल्या व्हिडिओमुळेच नीलकमलकडे येणारी स्पीडबोट लोकांना दिसली. व्हिडिओची मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली नाही, तिकीट ठेवा, आणि जे वाचले त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या की दुसरी बोट पहिल्यांदा कोणत्या हाताला दिसली होती.