टर्नरच्या मुलांना कारखान्यात पाठवताना

आयटीआयच्या टर्नर ट्रेडचं (लेथ या मशीनवर धातूचा तुकडा फिरवून, कातून आकार देण्याचं काम) कारखान्यातलं प्रशिक्षण वाया जातं ते बहुतेक पहिल्याच आठवड्यात. सुपरवायझरला वेळ नसतो, मुलाच्या हातात झाडू येतो आणि महिनाभर तोच राहतो. म्हणून निदेशकाने (आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याने) आधी स्वतः शॉप फ्लोअरवर जाऊन यावं. एचआरशी बोलून भागत नाही; ज्याच्या लेथवर मुलगा उभा राहणार, त्या ऑपरेटरला भेटावं. एका ऑपरेटरमागे एकच मुलगा, फार तर दोन.

पहिले २ दिवस मशीनला हात नको. बूट, गॉगल, बाह्या दुमडलेल्या, हातातलं कडं आणि हातमोजे काढलेले (फिरत्या चकजवळ, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या भागाजवळ, हातमोजा बोटासकट ओढला जातो). चकमध्ये तो आवळायची चावी विसरून मशीन सुरू केलं तर ती सणकन उडते; चावीवरचा हात काढायचा तो चावी बाहेर काढूनच, ही सवय सर्वांत आधी. मग आठवडाभर मोजमाप: ०.०२ मिमीपर्यंत मोजणाऱ्या व्हर्निअर कॅलिपरने एकच जॉब (घडवलेला तुकडा) मुलाने आणि ऑपरेटरने वेगवेगळा मोजायचा, फरक वहीत लिहायचा. त्यानंतर फेसिंग (टोक सपाट करणं), प्लेन टर्निंग (बाहेरून कातून व्यास कमी करणं). थ्रेडिंगची (आटे पाडण्याची) घाई नको.

डायरीत ‘लेथवर काम केले’ ही नोंद अजिबात चालवून घेऊ नये. ड्रॉइंगवरचं माप, आलेलं माप, जॉब रिजेक्ट झाला तर कारण, एवढं हवंच. निदेशकाची फेरी दर १५ दिवसांनी. पहिली मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी. स्टायपेंडची तारीख आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावरची बस आधीच विचारून ठेवावी, मुलं गळतात ती बऱ्याचदा तिथेच.