बिएईतलं एकांडं झाड बघायला कसं जायचं?

जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर, असाहिकावा आणि फुरानो या दोन शहरांच्या मधे बिएई नावाचं गाव आहे. शेतीवर जगणारं गाव. आजूबाजूच्या टेकड्यांवर गहू, बटाटा, बीट, मका, घेवडा पिकतो, आणि त्या उघड्या उतारांवर मधेच कुठेतरी एखादंच झाड उभं दिसतं. सध्या सगळ्यांत जास्त गर्दी खेचतो तो इथला एक स्प्रूस. बर्फ पडला की पांढऱ्या शेतात तेवढाच काय तो उरतो, म्हणून त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हे झाड बागेत नाही, कुणाच्या तरी खासगी शेतात आहे. ते रस्त्यावरूनच बघायचं असतं.

फिलॉसॉफी ट्री का तोडलं गेलं

बिएईत पूर्वी 'फिलॉसॉफी ट्री' नावाचा एक पॉप्लर होता. एका बाजूला कललेला, जणू विचारात पडलेला. फोटो काढायला लोक शेतात शिरायचे, पीक तुडवायचे. मालकाने पाट्या लावल्या, विनंत्या केल्या, शेवटी खोडावर मोठी फुली रंगवली. झाड म्हातारंही झालं होतं. 24 फेब्रुवारी 2016 रोजी मालकाने ते पाडलं. जानेवारी 2025 मध्ये 'सेव्हन स्टार्स' झाडाजवळची सुमारे 40 बर्च झाडांची रांगही तोडण्यात आली. पिकांवर पडणारी सावली हे एक कारण होतं आणि पर्यटकांचा त्रास हे दुसरं.

आपल्याला शेताची हद्द बांधावरून किंवा कुंपणावरून ओळखायची सवय असते. बिएईत बहुतेक ठिकाणी दोन्ही दिसत नाही. डांबर संपलं की शेत सुरू झालं, असंच धरून चाला. बटाट्याच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, बुटाला चिकटलेल्या मातीबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. होक्काइदोत ही कीड 1972 साली सापडली आणि तिथले शेतकरी आजही तिला घाबरून असतात. 'बर्फावर चाललं तर काय बिघडतं?' असं वाटू शकतं, पण त्या बर्फाखाली शरद ऋतूत पेरलेला गहू असतो. भुसभुशीत बर्फ त्याचं थंडीपासून रक्षण करतो. पावलांनी तो दाबला गेला की थंडी जमिनीत खोल उतरते. शिवाय तुमच्या पावलांचे ठसे पुढचा बर्फ पडेपर्यंत सगळ्यांच्या फोटोत दिसत राहतात.

ऋतू ठरवा

ख्रिसमस ट्रीसाठी डिसेंबर अखेर ते मार्चची सुरुवात हा काळ चांगला. जानेवारीत पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरू शकतो. शेजारच्या असाहिकावात 25 जानेवारी 1902 रोजी उणे 41 अंशांची नोंद झाली होती आणि तो जपानमधला नीचांक आजही कायम आहे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे जेवण उरकून निघालात तर उशीर होईल. सकाळीच निघा.

माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीसाठी जुलै निवडा. बटाट्याला पांढरी-जांभळी फुलं आलेली असतात, गहू पिवळा पडायला लागतो आणि उतारांवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे दिसतात. बटाटा किंवा बीट त्याच जमिनीत लागोपाठ घेतलं तर रोग बळावतात, म्हणून शेतकरी दरवर्षी पीक फिरवतात. आज झाडाभोवती दिसणारा रंग पुढच्या वर्षी तिथे नसतो. जून-जुलैत पहाटे चारच्या आसपास उजाडतं. त्या वेळी रस्ते रिकामे असतात आणि उजेडही कोवळा असतो.

पोहोचायचं कसं

तोक्योच्या हानेदा विमानतळावरून असाहिकावाला साधारण पावणेदोन तासांत विमान पोहोचतं आणि तिथून बिएई गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. साप्पोरोहून येणार असाल तर एक्सप्रेस रेल्वेने दीड तासाच्या आत असाहिकावा गाठा आणि तिथे फुरानो लाइनची छोटी गाडी पकडा. ती अर्ध्या-पाऊण तासात बिएईला सोडते. या मार्गावर गाड्या कमी आहेत, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. 1952 साली स्थानिक दगडात बांधलेलं स्टेशनही थांबून बघण्यासारखं आहे. शेजारीच पर्यटन माहिती केंद्र आहे. तिथून नकाशा घ्या आणि कुठे थांबायला मनाई आहे हेही विचारा, कारण हे नियम बदलत असतात.

गावात फिरणं

झाडं गावाबाहेर विखुरलेली आहेत. उन्हाळ्यात स्टेशनजवळ सायकल भाड्याने मिळते. इलेक्ट्रिकच घ्या, टेकड्यांचे चढ दमवतात. गाडी चालवायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो जपानमध्ये चालतो. मूळ परवानाही सोबत ठेवा. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे फार अडचण येत नाही.

हिवाळ्यात मात्र बर्फावर गाडी चालवायची सवय नसेल तर स्टिअरिंग हातात घेऊ नका. रस्त्याच्या कडेचे चर बर्फाखाली दिसत नाहीत आणि गाडी सहज घसरते. टॅक्सी किंवा सहलीची बस घ्या.

झाडासमोर

ट्रॅक्टर शेतात वळतो त्या तोंडावर गाडी अजिबात लावू नका. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावरही थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. 'केन अँड मेरी' आणि 'सेव्हन स्टार्स' या झाडांजवळ पार्किंग आहे, तेच वापरा. केन अँड मेरी हा उंच पॉप्लर 1972 साली निस्सानच्या स्कायलाइन गाडीच्या जाहिरातीत झळकला. सेव्हन स्टार्स हा ओक 1976 साली सिगारेटच्या पाकिटावर छापला गेला.

फोटोसाठी 70 ते 200 मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तम. रस्त्यावरून एवढी लेन्स पुरते. खरं तर लांबूनच हे झाड जास्त खुलतं, कारण भोवतालची मोकळी जमीन फोटोत येते आणि त्याचं एकटेपण कळतं. झाड चौकटीच्या मधोमध न ठेवता थोडं बाजूला घ्या, आकाशाला जागा द्या. बर्फात कॅमेरा सगळं करडं दाखवतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉपने (कॅमेऱ्यात +1) वाढवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा. 100 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनची नोंदणी जपानमध्ये जून 2022 पासून सक्तीची आहे. नोंदणी असली तरी कुणाच्या शेतावरून विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नका.

शेतात कोणी काम करत असेल तर मान झुकवून 'कोन्निचिवा' म्हणा, पण न विचारता त्यांचा फोटो काढू नका.

वेळ उरला तर

ताकुशिनकान नक्की बघा. या टेकड्या ज्यांच्या छायाचित्रांमुळे जपानभर पोहोचल्या त्या माएदा शिंझो यांनी 1987 साली बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत हे दालन उभारलं. प्रवेश विनामूल्य आहे. झाडं बघण्याआधी इथे आलात तर नजर तयार होते.

जेवणात बिएईचा करी उदोन (जाड गव्हाच्या शेवया आणि करी) प्रसिद्ध आहे. शाकाहारी असाल तर आधी विचारा, रस्सा बहुतेक वेळा माशाच्या अर्कावर केलेला असतो. सोबत थेपले, चिवडा ठेवा. गावाबाहेर दुकानं विरळ आहेत, रोख येनही जवळ असू द्या.