बिगहॉर्नची टेहळणी करताना या चुका टाळा

कोलोरॅडोत बिगहॉर्न मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि त्यासाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. एवढी वर्षे निमूटपणे थांबलेली माणसे परवाना हाती पडल्यावर टेहळणीचे दोन दिवसही धीर धरू शकत नाहीत, हे दर उन्हाळ्यात पाहून मी कंटाळलो आहे. रिकर्व्ह किंवा लाँगबो यांसारखे साधे धनुष्य घेऊन जाणाऱ्याला ही घाई मुळीच परवडत नाही. त्याला मेंढ्यापासून 20-25 यार्डांवर पोहोचायचे असते. बंदूकवाल्याला 300 यार्डांवरून जी चूक पचते, ती धनुष्यवाल्याला पचत नाही.

कळप दिसला की उत्साहाने जवळ जाणे, ही सर्वांत सर्रास आढळणारी चूक. बिगहॉर्नची नजर अतिशय तीक्ष्ण असते आणि तो बहुधा कड्यालगत, खालचा सगळा उतार दिसेल अशा जागी बसतो. दरीत उतरलेला माणूस त्याला फार आधी दिसतो. टेहळणी पायांनी नव्हे, बुडाने करायची असते. मी पलीकडच्या धारेवर तिपाईवर स्कोप, म्हणजे लांबचे पाहण्याची दुर्बीण, लावून एकाच जागी निदान सहा तास बसतो. उन्हे तापल्यावर हवा थरथरू लागते, तेव्हा शिंगांचा अंदाज घेण्याचा नाद सोडून नर कुठे बसतात आणि किती वाजता उठतात, एवढेच वहीत टिपतो. तिपाई वजनदार म्हणून घरी ठेवणाऱ्यांनी स्कोपही घरीच ठेवावा.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. ऊन लागलेल्या उतारावर हवा वर चढते आणि सावलीत, गारव्यात ती खाली उतरते, हे पुस्तकी ज्ञान मला होतेच. एका जुलैत चार नर रोज साडेनऊच्या सुमारास एका गवताळ कपारीवर बसताना मी पाहिले. वरून एक अरुंद नाळ, म्हणजे कड्यांमधली उभी घळ, थेट त्यांच्या माथ्यावर उतरत होती. सह्याद्रीत अशा नाळा पुष्कळ उतरलेल्या असल्यामुळे मला ती वाट आयतीच वाटली. हंगाम सुरू झाल्यावर मी अकरा वाजता नाळेत शिरलो, कारण तोवर हवा वर चढत असणार, असा माझा हिशेब होता. नाळ मात्र उत्तराभिमुख होती आणि तिच्यात ऊन पोहोचलेच नव्हते. माझा वास गार हवेबरोबर सरळ खाली गेला. मी 60 यार्डांवर असताना सर्वांत थोराड नर उठला, एकदा वर पाहिले आणि चौघेही कातळ ओलांडून निघून गेले. त्या हंगामात ते मला पुन्हा दिसले नाहीत.

तेव्हापासून मी प्रत्येक घळीपुढे ऊन येण्याची आणि जाण्याची वेळ लिहितो. त्याच दिशेला तोंड असलेली, पण मेंढ्यांपासून दूर असलेली दुसरी घळ शोधून तिथे हवा कुठे वाहते ते पाहायला तासातासाने चिमूटभर टाल्कम पावडर उडवतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

नकाशावर भिस्त ठेवणारे वेगळेच. समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांमध्ये उंचीचे 40 फुटांचे अंतर असेल, तर 30 फुटांचा कडा त्यांच्या मधोमध सहज लपतो. परतीची वाटही डोळ्यांनी पाहून ठेवावी. जूनमध्ये एकदा पाहून आलेल्यांनी हंगामाआधी पुन्हा जावे, कारण बर्फ वितळेल तसे नर वर सरकतात. ड्रोनने वन्यप्राणी हुडकून शिकार साधणे कोलोरॅडोत बेकायदा आहे. शिवाय ज्याला तो मार्ग सुचतो त्याने धनुष्य तरी कशाला घ्यावे?

उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांची वादळे वारंवार होतात. त्यामुळे बारापर्यंत मी उघड्या धारेवरून वृक्षरेषेखाली, म्हणजे जिथवर झाडे वाढतात त्या उंचीखाली, उतरलेला असतो. दुपारचे मेंढे पाहायचेच असतील, तर आदल्या दिवशी खालच्या झाडीत स्कोपसाठी जागा हेरून ठेवावी.